बुधवारची खुर्ची

घडी घातली की अकरा किलो.
उलगडली की गुडघे टेकून तोंड लपवलेल्या माणसासारखी दिसते.
खालचा पहारेकरी दर बुधवारी विचारतो, आत काय?
मी म्हणतो, खुर्ची.
तो म्हणतो, वर खुर्च्या नाहीत का?

मनामा, चौदावा मजला, विमा कंपनी.
ऑगस्टात इथे काचेला घाम फुटतो तो बाहेरून.
आत माणसं स्वेटर घालून
मान मोडून काम करतात.

छोटी मीटिंगरूम माझी, नऊ ते एक.
फळ्यावर कुणाचे तरी तिमाहीचे आकडे,
खाली लाल अक्षरांत: पुसू नये.
पुरुषांची यादी माझ्याकडे,
बायकांसाठी मंगळवारी मार्सेला येते.
माणशी पंधरा मिनिटं, शर्टावरून, तेल नाही.

तेल नाही, हे आईला अजून सांगितलेलं नाही.
कुडाळात तिच्या हाताखालून निम्मी वाडी गेली,
दहा दिवसांची, वीस दिवसांची.
ती पाय लांब करून बसायची, पोर नडग्यांवर पालथं,
मी कोमट तेलाची वाटी धरायचो.
म्हणायची, बोटांनी आधी विचारायचं, मग दाबायचं.
पोर रडायचं थांबलं की समजायचं, उत्तर आलं.

इथे कुणी रडत नाही.
चेहरा गादीच्या कड्यात घालतात
आणि मला उरते फक्त मान.
क्लेम्सचा तौकीर: फोन डाव्या खांद्याशी,
कॉलरखाली सुपारीएवढी गाठ.
मोठे साहेब: ताठ. खुर्चीतसुद्धा.
आणि अकाउंट्सचे उस्ताद हमदी, इस्माइलियाचे,
चौथ्या मिनिटाला घोरायला लागायचे.
त्यांच्या मानगुटीवर काय बसलंय, मी कधी विचारलं नाही.
अंगठ्याला ठाऊक होतं,
मणक्याच्या उजवीकडे एक दोरी, ओल्या काथ्यासारखी,
दर बुधवारी अर्धी सुटायची
आणि पुढच्या बुधवारी पुन्हा पिळलेली.

ह्या बुधवारी यादीत अकराच्या ओळीवर रेघ.
पेनाची, पट्टी लावून मारलेली.
अंगठे मात्र अकराला तयार झाले,
गिऱ्हाईक नसताना तवा तापावा तसे.

चहा घेऊन नाझिम परकार आला. दापोलीचा.
तो कंपनीचा नाही, कंत्राटदाराचा,
यादीतल्या प्रत्येकाला साखर किती, ते त्याला पाठ,
यादीत तो नाही.
'बस,' मी म्हटलं.
'कपडे खराब आहेत, दादा.'
'बस रे.'
बसला तो उलटा, साध्या खुर्चीत बसावं तसा,
पाठ टेकायला जागा शोधत.
वळवला. चेहरा कुठे ठेवायचा ते दाखवलं.
हात लावताच दचकला.
तीन वर्षांत न्हाव्याखेरीज कुणी मानेला हात लावला नव्हता,
हे त्यानं नंतर सांगितलं, कप उचलताना.

बोटांनी आधी विचारलं.
बराच वेळ काहीच नाही.
मग खालून, गालिच्यात अडकलेला आवाज:
'दादा, तुमच्या डाव्या बुटाची शिवण उसवलीय.'

चार वर्षं.
बुधवारी सोळा माणसं, पंधरा-पंधरा मिनिटं,
त्या कड्यातून माझे बूट सोडून दिसतं काय?

एक वाजता खुर्ची मिटली.
फळ्यावरचे आकडे तसेच.
लिफ्टमध्ये वाकून पाहिलं.
खरंच की, करंगळीपाशी, मोजा दिसतोय.
केव्हापासून कोण जाणे.
हमदींना दिसला असेल का,
झोप लागण्याआधीच्या त्या चार मिनिटांत?